ओळख पटते तेव्हा
(मल्लेश्वरम येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंगल प्रसंगी आरोपीच्या पिंजऱ्याविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु निरपराध माणसावर आलेला आळ, हा विषय घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना फार जवळचा आहे.

महायुद्धानंतर अमेरिकेतून आलेल्या काही गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, असे नाव दिले. त्यांत काळोखाला पात्राइतकेच महत्त्व. आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘द राँग मॅन’ (१९५६) हा याच परंपरेतला. त्याची कथा मात्र खरी आहे. न्यूयॉर्कचा एक वादक पत्नीच्या दातांच्या उपचारांसाठी कर्ज काढायला विमा कचेरीत गेला. तेथल्या कर्मचाऱ्यांनी ‘आम्हाला लुटणारा हाच’ म्हणून त्याला ओळखले. लुटारूच्या चिठ्ठीतली चूकदेखील नेमकी त्याच्या हातून लिहिली गेली. पुढे खरा गुन्हेगार सापडला आणि तो सुटला. पण तोवर पत्नीच्या मनाचा तोल ढळला होता. न्याय मिळाला, घर मात्र पूर्वीचे राहिले नाही.

या छायाप्रकाशाच्या खेळाशी बंगळूरचेही नाते आहे. गुरुदत्त यांचा जन्म १९२५ साली याच शहरातला, छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी कॅमेऱ्याचे शिक्षण घेतले तेही येथेच. या दोघांचा हातभार लागलेला, राज खोसला दिग्दर्शित ‘सी. आय. डी.’ १९५६ सालीच आला. त्यात कोठडीतल्या कैद्याच्या मृत्यूचा आळ खुद्द पोलीस अधिकाऱ्यावरच येतो!

याच खोसलांनी पुढे एका मराठी चित्रपटावरून ‘मेरा साया’ (१९६६) काढला. तो चित्रपट म्हणजे राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. नायक वकील, पत्नीच्या मृत्यूने खचलेला. अशात दरोडेखोरांची साथीदार म्हणून पकडलेली एक स्त्री सांगते, ‘मी यांचीच पत्नी.’ संसारातल्या खाजगी खुणा ती एकामागून एक सांगते, तरी त्याचा विश्वास बसत नाही. कारण पत्नीचा मृत्यू त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो!

अमेरिकेतल्या त्या वादकाला परक्यांनी ‘ओळखले’. येथे आपल्याच माणसाला ओळख पटेना. निरपराध असणे पुरत नाही. आपल्याला जाणणारे कोणीतरी असावे लागते, हेच दोन्ही कथांचे सांगणे.

मी मल्लेश्वरमला प्रथम आलो तेव्हा कानडीचा एक शब्द येत नव्हता. घरमालकांचे घड्याळ हरवले आणि साऱ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला बोलता येईना. शेजारच्या एका वयस्क मराठी गृहस्थांनी येऊन एवढेच सांगितले, ‘याला मी ओळखतो.’ खरे तर आमची ओळख अवघ्या आठ दिवसांची! दुसऱ्या दिवशी घड्याळ गादीखाली सापडले. पण माझी सुटका झाली होती ती आदल्या संध्याकाळी, त्यांच्या त्या तीन शब्दांनी.

मंडळ म्हणजे माझ्या लेखी हेच तीन शब्द. गणेशोत्सव होतील, नाटके होतील. परंतु उद्या या शहरात कोणी एकटा मुलगा, मग तो मराठी असो वा नसो, असाच मुका उभा राहिला, तर त्याची बाजू आधी ऐकून घेणारे कोणी आपल्यातून पुढे यावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.