नसलेल्या शेअर्सची विक्री आणि छोट्या कंपन्या
(मंडळाच्या बडोदे येथील मासिक सभेत केलेले भाषण)



समजा, खंडेराव मार्केटात तुरीची दहा पोती आली आणि दलालांनी पंधरा पोत्यांचे सौदे केले. माल मुबलक दिसतो आणि भाव पडतो. वरची पाच पोती मात्र कुठेच नसतात! 'बाजारात तुरी' ही म्हण आपण हसत सांगतो. शेअरबाजारात तिला नेकेड शॉर्ट सेलिंग म्हणतात.

साध्या शॉर्ट सेलिंगमध्ये विकणारा शेअर्स उसने घेतो, विकतो आणि भाव उतरल्यावर विकत घेऊन परत करतो. हा व्यवहार कायदेशीर आहे. फुगलेले भाव त्याने जागेवर येतात. नेकेड प्रकारात उसनवारीही नसते. नुसता शब्द विकला जातो.

मोठ्या कंपनीला याची झळ फारशी लागत नाही. छोट्या कंपनीचे बहुतेक शेअर्स प्रवर्तकांकडे असतात, बाजारात फिरणारे थोडेच. तिथे थोड्या खोट्या विक्रीनेही भाव कोसळतो. घाबरून छोटा भागधारक विकतो, कंपनीला नवे भांडवल मिळणे अवघड होते.

अमेरिकेतील सेडोना कॉर्पोरेशनचे उदाहरण पाहा. या छोट्या कंपनीने २००० साली परिवर्तनीय कर्जरोखे दिले. शेअरचा भाव जितका कमी, तितके रोख्यांच्या बदल्यात शेअर्स जास्त. २००१ च्या मार्चमध्ये रोखेधारकाच्या सल्लागार संस्थेने प्रचंड शॉर्ट विक्री करून भाव पाडल्याचा आरोप तेथील नियामकाने केला. २००३ साली आरोप मान्य वा अमान्य न करता संस्थेने १० लाख डॉलर दंड भरला. पुढे २००५ पासून तेथे शेअर्सची डिलिव्हरी न देणाऱ्यांवर नियम आले आणि २००८ च्या मंदीत ते कडक झाले.

आपल्याकडे सेबीने डिसेंबर २००७ मध्ये चौकट आखली, ती एप्रिल २००८ पासून लागू झाली. नेकेड शॉर्ट सेलिंगला मनाई आहे. जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात ते पुन्हा बजावले. विकणाऱ्याने शेअर्स दिले नाहीत, तर एक्स्चेंज लिलावात ते मिळवते आणि फरक त्याच्याकडून वसूल होतो.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. आपल्या घरांतली तरुण मुले सकाळी विकून संध्याकाळपर्यंत घेण्याचे सौदे करतात. छोट्या शेअरला वरचे सर्किट लागले, तर विकणाराच मिळत नाही आणि लिलावाचा भुर्दंड त्यांच्या गळ्यात पडतो. त्यांना हे आजच सांगा.

दुसरे, भाव पडला की 'मंदीवाल्यांनी पाडला' असे सांगणारे भेटतात. कधी ते खरे असते. पुष्कळदा कंपनीचाच धंदा बसलेला असतो. आधी तिमाही निकाल पाहा, प्रवर्तकांनी किती शेअर्स गहाण टाकलेत ते पाहा. तरीही गैरव्यवहाराची शंका राहिली, तर सेबीच्या 'स्कोअर्स' व्यवस्थेत लेखी तक्रार करा. पेन्शनीतून जमवलेली पुंजी कुणाच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका.