बागेला नाव देताना
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)

आज प्रसादात केळी मिळाली ना, ती जळगावकडची जी-नाईन. ही जात कॅव्हेंडिश गटातली. कॅव्हेंडिश हे इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर घराण्याचं आडनाव. लंडनमध्ये एका चौकाला तेच नाव, केंब्रिजच्या प्रयोगशाळेलाही तेच. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला, ती ही प्रयोगशाळा. तिच्यासाठी सातव्या ड्यूकने पदरचे पैसे दिले होते, तेव्हा ते ठीक. पण केळं? १८३०च्या दशकात सहाव्या ड्यूकच्या काचघरात ते वाढवलं जोसेफ पॅक्स्टन या त्याच्या माळ्याने, आणि नाव लागलं मालकाचं!

आपल्या बागेला देणगीदारांचं नाव द्यायचा ठराव आज आहे. माझा विरोध नाही. फक्त पंचवीस वर्षं तिथे राबलेल्या माळीमामांचं नावही त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत यावं, ही माझी उपसूचना.