वांद्रे पूर्वचा मतदार कुणाचंच गणित का पाळत नाही

(वांद्रे इथं तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय होता, ‘मतदार अंदाज का चुकवतो’. विषय मोठा आहे. मी तो आपल्या पायाखालच्या जमिनीपुरता घेतो, म्हणजे वांद्रे पूर्व विधानसभा मतदारसंघापुरता. बेहरामपाडा, भारतनगर, खेरवाडी, निर्मलनगर, शासकीय वसाहत आणि कलानगरात ‘मातोश्री’. गेल्या दहा वर्षांत या मतदारसंघानं भल्याभल्या जाणकारांना तोंडघशी पाडलंय.

2015 पासून सुरुवात करू. शिवसेनेचे आमदार बाळा सावंत यांचं त्या वर्षी जानेवारीत निधन झालं आणि 11 एप्रिलला पोटनिवडणूक लागली. सेनेनं त्यांच्या पत्नी तृप्ती सावंत यांना उभं केलं. काँग्रेसनं थेट नारायण राणेंना आणलं. माजी मुख्यमंत्री, एकेकाळचे कडवे शिवसैनिक, काही महिन्यांपूर्वीच कुडाळमध्ये हरलेले. भाजपनं उमेदवार दिला नाही. तिसरे होते एमआयएमचे राजा रेहबर खान.

या तिसऱ्या उमेदवाराकडे नीट बघा. आधीच्याच वर्षी, 2014 च्या विधानसभेला, याच उमेदवारानं इथं सुमारे 24 हजार मतं घेतली होती, काँग्रेसच्या जवळपास दुप्पट. राज्यात पक्षाच्या दोन जागा नुकत्याच आल्या होत्या, भायखळा आणि औरंगाबाद मध्य. त्यात मार्च 2015 मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि मुस्लिमांचं 5 टक्के आरक्षणही त्याच सुमारास गुंडाळलं गेलं. लोक चिडलेले होते. ओवैसी स्वतः येऊन सभा घेत होते. चहाच्या टपरीवर बसलेल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की एमआयएमची मतं वाढणार, प्रश्न फक्त कितीनं वाढणार एवढाच आहे.

निकाल आला. तृप्ती सावंत 52,711. राणे 33,703. एमआयएम 15,050.

दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती राणे 19 हजारांनी पडले याची. तो धक्का होताच. पण मला त्याहून मोठा धक्का वाटतो तो तिसऱ्या आकड्याचा. राग वाढलेला, सभा मोठ्या, आणि मतं मात्र नऊ हजारांनी कमी! काही जण घरीच बसले असतील, पोटनिवडणुकीला तसंही मतदान कमी होतं. पण काँग्रेसचा आकडा त्याच वेळी 12 हजारांवरून 33 हजारांवर गेला, हेही समोर ठेवा. राणेंना मिळालेली सगळी जादा मतं आपल्या मोहल्ल्यांतली होती असं मी म्हणत नाही, मत गुप्त असतं. तरी मला जे दिसतं ते असं. 2014 मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटलेल्या होत्या, चार मोठे पक्ष स्वतंत्र लढत होते आणि काँग्रेस इथं शर्यतीतच नव्हती. तेव्हा तिला दिलेलं मत वाया गेल्यासारखंच होतं, मग आपला आवाज तरी ऐकू जावा म्हणून लोकांनी पतंगाला मत दिलं. 2015 मध्ये समोर खरी लढत आली. माणूस तोच, राग तोच, पण त्याच मताची किंमत बदलली होती. ती किंमत मतदाराला कळली. वर्तमानपत्रातल्या पंडितांना कळली नाही, कारण ते रागाचं माप घेत होते.

सावंतबाईंच्या विजयाचं कारण सगळ्यांनी एका शब्दात सांगून टाकलं: सहानुभूती. हा शब्द मला आळशी वाटतो. चार वर्षांनी, 2019 मध्ये, सेनेनं त्याच तृप्ती सावंत यांचं तिकीट कापून महापौर विश्वनाथ महाडेश्वरांना दिलं. त्या अपक्ष लढल्या आणि 24,071 मतं घेऊन तिसऱ्या आल्या. महाडेश्वरांना 32,547. काँग्रेसचे झिशान सिद्दीकी 38,337 मतांवर निवडून आले. ‘मातोश्री’च्या अंगणात काँग्रेस आली म्हणून केवढा गहजब झाला! पण महाडेश्वर आणि सावंत यांची बेरीज करा. 56,618 होते. त्या वर्षी मतदार फारसा बदललाच नव्हता, घरातलं भांडण मतपत्रिकेवर आलं होतं.

आणि मग 2024. ऑक्टोबरच्या 12 तारखेला बाबा सिद्दीकींची निर्मलनगरात, मुलाच्या कार्यालयाजवळ, गोळ्या घालून हत्या झाली. महिनाभरात निवडणूक. सहानुभूतीचा नियम खरा असता तर झिशान सिद्दीकी सहज यायला हवे होते. शिवाय ते मुस्लिम, आणि समोर कोण, तर ठाकरेंच्या शिवसेनेचे वरुण सरदेसाई. म्हणजे दोन ‘नियम’ एकाच बाजूला होते. सरदेसाई 57,708, सिद्दीकी 46,343. तृप्ती सावंत यावेळी मनसेकडून होत्या, त्यांना 16 हजार. सरदेसाईंचा आकडा मुस्लिम मतांशिवाय गाठता येणारा नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथं मला जरा थांबायचंय, कारण ही गोष्ट आपल्या घरांत सहज बोलली जात नाही.

1992-93 मध्ये जुन्या खेरवाडी मतदारसंघाचे आमदार शिवसेनेचे मधुकर सरपोतदार होते. डिसेंबर 1992 मधल्या मोर्च्यातल्या चिथावणीबद्दल न्यायालयानं 2008 मध्ये त्यांना दोषी धरून एक वर्षाची शिक्षा सुनावली. बेहरामपाड्यावर तेव्हा काय गुदरलं ते तुम्हाला श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात वाचता येईल, नाहीतर घरी नानीला विचारा. त्याच वस्तीच्या मतदारसंघात तीस वर्षांनी मशालीवर शिक्का! तुमच्यापैकी काहींनी यासाठी घरच्यांची बोलणी खाल्ली असतील. काहींनी स्वतःच मित्राला गद्दार म्हटलं असेल.

हे आपल्याकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेत पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण हे राज्याराज्यांत मतदार ठरवतात, त्याला प्रायमरी म्हणतात. 8 मार्च 2016 ला मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती. चाचण्यांच्या सरासरीत हिलरी क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे. जिंकले बर्नी सँडर्स, जेमतेम दीड टक्क्यानं. त्या राज्यात डिअरबॉर्न नावाचं शहर आहे, फोर्ड कंपनीचं मुख्यालय तिथंच, आणि अरब वंशाच्या मुस्लिमांची मोठी वस्ती. तिथंही सँडर्स पुढे राहिले. सँडर्स ज्यू आहेत. टीव्हीवरच्या मंडळींना हे पचेना, अरब मुसलमान ज्यूला कसं काय मत देतात? देत होते, कारण कारखाने का गेले यावर तो माणूस बोलत होता, इराक युद्धाला त्यानं विरोध केला होता, आणि त्याच्या प्रचारानं अरबीत जाहिराती केल्या होत्या. चाचण्या घेणाऱ्यांना तरुण मतदार किती संख्येनं बाहेर पडेल याचाही अंदाज आला नाही. धर्माचा रकाना भरला की पुढचं उत्तर आपोआप येतं, असं अनेकांनी धरून ठेवलं होतं.

आपल्याकडेही तेच धरून ठेवतात. मे 2024 च्या लोकसभेत महाविकास आघाडीनं राज्यातल्या 48 जागांपैकी एकावरही मुस्लिम उमेदवार दिला नाही. आपल्या उत्तर मध्य मुंबईतून इच्छुक असलेले नसीम खान जाहीरपणे नाराज झाले, आणि त्यांची नाराजी रास्त होती. आता मुस्लिम मतदार घरी बसणार, असं म्हटलं गेलं. समोर उज्ज्वल निकम, घराघरात माहीत असलेलं नाव. वर्षा गायकवाड 16,514 मतांनी निवडून आल्या. उमेदवारी नाकारल्याचं दुःख आणि मत कुणाला द्यायचं हा निर्णय, या दोन गोष्टी लोकांनी वेगळ्या ठेवल्या. पक्षांनी मात्र यातून सोयीचा अर्थ काढू नये. हे आपलेच आहेत, जाणार कुठे, असं ज्यांना वाटतं त्यांनी 2014 चे ते 24 हजार आठवावेत.

मशालीला मत देणं म्हणजे 1993 माफ करणं आहे का? मला तसं वाटत नाही. 2019 नंतरचं आघाडी सरकार, करोनाचा काळ, 2022 ची फूट, हे सगळं लोकांनी पाहिलं, आणि समोर कोण उभं आहे हेही पाहिलं. नानीची आठवण जागेवर आहे. तिनं तरीही बटण दाबलं असेल, तर तिला भोळी समजू नका. तिला उमेदवारांचे पक्ष, त्यांची भांडणं आणि गल्लीतल्या नळाला पाणी किती वाजता येतं हे सगळं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

‘गठ्ठा मतं’ हा शब्द आपले विरोधक वापरतात तेव्हा आपल्याला राग येतो. पण आपल्यातलेच काही जण निवडणूक आली की पक्षांच्या कार्यालयात जाऊन सांगतात, अमुक मोहल्ल्याची इतकी मतं माझ्या खिशात आहेत. त्यांचा धंदा याच शब्दावर चालतो. ज्या गल्लीचं मत आधीच विकलेलं मानलं जातं, तिच्या गटाराकडे कुणाला बघायची गरज राहत नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी तुमच्या वतीनं आकडा सांगायला लागला, तर त्याला पुरावा मागा.

पुरावा मिळतो. प्रत्येक निवडणुकीनंतर फॉर्म 20 निघतो, त्यात मतदान केंद्रानुसार कुणाला किती मतं पडली ते असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर सापडतो. 2019 चा आणि 2024 चा शेजारी ठेवा, केंद्रांचे क्रमांक बदललेले असतात तेवढं जपा. यादीत आपल्या इमारतीतली किती नावं गळाली तेही त्याच बैठकीत तपासा.

दोन्ही वर्षांचे फॉर्म मी छापून आणलेत, मागच्या टेबलावर आहेत. चारचारचे गट करा आणि आपापलं केंद्र शोधा. अर्ध्या तासानं प्रश्न घेतो.