सांगणाऱ्याचे पुस्तक, यंत्राचा आराखडा
अभिनेत्री हंसा वाडकरांचे बोलणे ऐकून पत्रकार अरुण साधूंनी त्यांचे आत्मचरित्र ‘सांगत्ये ऐका’ शब्दांकित केले. आज अशा शब्दांकनकाराच्या हाताशी एआय आहे. भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांविषयी, ते बांधणाऱ्या कोहळी समाजातल्या एखाद्या शेतकऱ्याचे पुस्तक लिहून द्यायचे आहे असे समजा. नुसता विषय सांगितला, तर एआय ‘इतिहास, महत्त्व, समस्या, उपाय’ असा कुठल्याही तलावाला चालणारा साचा देते. सगळी पुस्तके एकसुरी होतील, ही शंका म्हणूनच रास्त आहे. पण मुलाखतीचा मजकूरच पुढे ठेवला, तर तलावाच्या पाळीची बांधणी, पाणीवाटप, १९५०च्या कायद्याने मालगुजारांची मालकी गेल्यावर दुरुस्ती कोणी करायची, हे विखुरलेले धागे एआय चटकन जुळवते. प्रकरणांचा क्रम मात्र शब्दांकनकारानेच ठरवावा आणि प्रत्येक मुद्दा ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावा, कारण न बोललेले वाक्यही एआय बेधडक सांगणाऱ्याच्या तोंडी घालते. लिहायला बसण्याआधी आराखडा त्या शेतकऱ्याला वाचून दाखवावा. काय राहिले, ते तोच सांगेल.