चूल घालणारे हात आणि रकूची भट्टी
(लोणी काळभोर येथील बैठकीतलं भाषण)



रकूची भट्टी घ्यायला गटातून कर्ज काढावं का, असं दोन गटांनी विचारलंय. आज तेवढंच बोलते.

रकू मूळ जपानचं. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चोजिरो नावाच्या कारागिराने चहागुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी वाट्या घडवल्या. चाकावर नाही, नुसत्या हाताने! मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे चाक बहुतेक पुरुषाच्या हाती, माती मळायची बाईने. पण चूल कोण घालतं? तेच हात इथे लागतात. आणि या कामाला मान नाही असं समजू नका. भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित कुंभाराच्या घरातलेच, त्यांना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली.

केशवनगरच्या कुंभारांचा आवा सावकाश पेटतो, सावकाश निवतो. रकूत सगळं घाईचं. एकदा भाजलेल्या भांड्याला झिलई लावून ते साधारण 1,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि लालभडक असतानाच लांब चिमट्याने बाहेर काढतात. मातीत भाजक्या मातीचा चुरा मिसळलेला नसेल, तर इथेच तडकतं. मग पत्र्याच्या डब्यात लाकडाच्या भुशात ठेवून वर झाकण. (धुराची ही रीत 1960 च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर यांनी सुरू केली.) भुसा पेटतो, आतली हवा संपते, उघडी माती काळी पडते, झिलईच्या बारीक तड्यांत धूर शिरतो. झिलईत तांबं असेल तर कधी तांब्याची चकाकी येते, कधी मोरपंखी रंग, कधी नुसतंच मळकट. तसंच दुसरं भांडं काही निघत नाही.

म्हणून पन्नास एकसारख्या नगांची ऑर्डर घेऊच नका. दुसरं, हे भांडं पाझरतं. भीमथडी जत्रेत कोणी विचारलं, "यात लोणचं राहील का?" तर सरळ नाही म्हणा, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ही शोभेची वस्तू आहे, तशीच विका.

कर्जाचं म्हणाल तर आत्ता नको. आधी ज्यांच्याकडे भट्टी आहे त्यांना पैसे देऊन दोनदा भाजून घ्या. किती फुटले, किती विकले, वहीत लिहा. मग हप्त्याचं बोलू. भट्टीपाशी जाताना नायलॉनची साडी नको, पदर खोचलेला, चामड्याचे हातमोजे घातलेले, पोरं लांब. काम मोकळ्या अंगणातच, धूर नाकात जाऊ देऊ नका.

पुढच्या बैठकीला हाताने केलेली एकेक वाटी आणा. पूर्ण सुकवून आणा, ओली भट्टीत फुटते.