मातेच्या उराची ऊब
(महोत्सवानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आमचे बाळ तिसाव्या आठवड्यातच जन्मास आले. वजन अवघे १२०० ग्रॅम. अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत ते निजलेले. नाकात नळी, पायास तारा. आम्ही मात्र दाराशी परक्यासारखे उभे. कूस रिती, हात निरुपयोगी. ते शल्य शब्दांत सांगवत नाही.

पाचव्या दिवशी परिचारिकाबाईंनी बाळ आमच्या उघड्या उराशी, त्वचेस त्वचा लावून, बांधिले. यास कांगारू पद्धती म्हणतात. काचपेट्यांचा तुटवडा पडल्यामुळे १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा नगरीत डॉ. एडगर रे यांनी ती आरंभिली. मातेच्या उबेने बाळाचे अंग उष्ण राहते, श्वास स्थिरावतो, स्तन्यही वाढते. जागतिक आरोग्य संघटना आज तिचा पुरस्कार करिते. उराशी असलेला तो श्वास संथ होत गेला, आणि आम्हांस त्या दिवशी प्रथम रडू फुटले. आपण आई आहो, हे तेव्हा उमगले.

भगिनींनो, अशी बाळंतीण शेजारी असेल, तर "वजन किती वाढले?" असे नित्य पुसू नका. तिच्या घरची चूल एक वेळ सांभाळा, म्हणजे तिला बाळाजवळ बसावयास सवड मिळेल. तेवढ्याने फार मोठे साहाय्य होते.