चार पाऊण तीन

(रेडिओवरील भाषण)

नाताळची सुट्टी संपत आली की घरोघरी एक दिवस असा उगवतो, ज्याच्याकडे कुणाचंच नीट लक्ष नसतं. सुट्टीचा शेवटचा दिवस. बॅगा उघड्या पडलेल्या असतात, ओले टॉवेल दोरीवर असतात, एक मोजा सापडत नसतो. मोठी माणसं मनाने केव्हाच परत गेलेली असतात. डब्याला काय द्यायचं, गणवेशाला इस्त्री आहे का, स्कूलबसवाल्याला फोन केला का, हे सगळं डोक्यात सुरू झालेलं असतं. लहान मुलं मात्र अजून तिथेच असतात. त्यांच्या लेखी तो शेवटचा दिवस नसतोच, तो नुसता दिवस असतो. अशाच एका दिवसाबद्दल आज मला बोलायचं आहे.

माझं माहेर नागावचं. अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राला लागून असलेलं हे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरीवर रहाट, आणि रात्री सगळं निजलं की अंथरुणात ऐकू येणारी समुद्राची गाज. आम्ही डोंबिवलीहून आठ दिवसांसाठी तिथे गेलो होतो. थोरला चौथीत, धाकटी पाच वर्षांची.

निघायच्या तीन दिवस आधी, रात्री निजताना धाकटीने विचारलं, "आई, आपण अजून किती दिवस राहणार?" ती रडेल, जागत बसेल, म्हणून मी म्हटलं, "पुष्कळ दिवस आहेत अजून. झोप." थोरला अंधारात डोळे उघडे ठेवून पडला होता. त्याला खरं ठाऊक होतं. मी त्याला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं. धाकटी समाधानाने झोपली. झोपण्याआधी तिने पुढच्या चार दिवसांचे बेतही सांगितले.

सकाळी चुलीपाशी आई मला हळूच म्हणाली, "लेकराला खोटं सांगून झोपवता येतं गं. उठवायचं कसं?"

मी काही बोलले नाही. आणखी एक दिवस तसाच जाऊ दिला.

आता बाबांबद्दल, म्हणजे मुलांच्या आबांबद्दल, सांगते. आल्या दिवसापासून त्यांनी थोरल्याला एका हिशेबाची गोडी लावली होती. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा हिशेब आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वेळेच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सहा-सव्वासहा तास मागेपुढे मोजले की ओहोटी. आम्ही पोचलो ती एकादशी होती. अकरा पाऊण सव्वाआठ. सव्वाआठला भरती, म्हणजे दुपारी अडीचच्या आत ओहोटी. मुलगा घड्याळ घेऊन किनाऱ्यावर गेला, आणि खरंच त्या सुमाराला वाळू दूरवर उघडी पडली होती. त्या दिवसापासून त्याने वही घातली. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्या दिवशी उधाण होतं, पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलं. पौर्णिमा झाली की तिथी पुन्हा एकपासून मोजायची.

पाऊणकीचा पाढा आता शाळेत कुणी घोकून घेत नाही. बाबांना तो तोंडपाठ. या पाढ्यामागे मोठं साधं कारण आहे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीही साधारण तितकीच पुढे सरकते. 50 मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. आकाशातला चंद्र, किनाऱ्यावरचं पाणी आणि पोराच्या तोंडातला पाढा असे एका सुतात ओवलेले आहेत.

शेवटच्या दिवशी संकष्टी होती. थोरल्याने उठल्याउठल्या हिशेब मांडला, "चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. आबा, किल्ल्यात चालत जाता येईल!"

अलिबागच्या समोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये, त्यांच्या अखेरच्या वर्षात, त्याचं बांधकाम सुरू करवलं, आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे हा किल्ला कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. भरतीला किल्ल्याभोवती चहूकडे पाणी असतं. ओहोटीला वाळूतून, खडकांतून चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. आत आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे. संकष्टीचा दिवस, म्हणून आईलाही यायचं होतं.

आम्ही सगळे अलिबागला गेलो आणि किल्ल्याकडे निघालो. घोट्याएवढ्या पाण्यातून, चपला हातात घेऊन. धाकटी माझं बोट सोडून पुढे पळत होती. किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता. हे आपले हिवाळी पाहुणे. यांतले काही लडाख आणि मध्य आशियातल्या उंच तलावांकाठी घरटी करतात आणि थंडीत आपल्या किनाऱ्यावर उतरतात. धाकटीने विचारलं, "हे इथेच राहतात का?" बाबा म्हणाले, "नाही. उन्हाळा लागला की जातात. थंडी पडली की येतात." तिने ते ऐकलं आणि मान हलवली. मला मात्र आतून काहीतरी टोचलं. पक्ष्यांबद्दल बाबा तिला जे सरळ सांगू शकले, ते तिच्याबद्दल मी तिला सांगू शकले नव्हते.

किल्ल्याच्या दरवाजाशी पोचल्यावर बाबा थांबले. परतीच्या वाटेवरच्या एका काळ्या, बुटक्या खडकाकडे त्यांनी बोट केलं. धाकटीला जवळ घेऊन म्हणाले, "तो खडक बघ. आत्ता तो सगळा कोरडा आहे. त्याच्या पायाला पाणी लागलं की आपण निघायचं. लक्ष तू ठेवायचंस."

एवढंच. मग आम्ही आत गेलो. आईने देवळात दूर्वा वाहिल्या. चहूबाजूंनी खारा समुद्र असताना आतल्या विहिरीचं पाणी गोडं कसं, याचं मुलांना फार नवल वाटलं. थोरला तटाच्या दगडांतल्या फटींत बोटं घालून बघत होता. हे प्रचंड दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. "आबा, फटी का ठेवल्यात?" बाबा म्हणाले, "लाट आपटली की तिचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. पाण्याला वाट ठेवली, म्हणून भिंत राहिली."

धाकटी दर थोड्या वेळाने दरवाजाशी पळत जायची आणि खडक बघून यायची. "कोरडाय!" पुन्हा खेळ. पुन्हा पळत जायची. "अजून कोरडाय!" आणि मग एकदा ती आली ती सावकाश, गंभीर चेहऱ्याने. माझा हात धरून म्हणाली, "आई, चला. खडक भिजला."

श्रोतेहो, ही तीच मुलगी. बागेतून घरी यायचं म्हटलं की जमिनीवर बसून राहणारी. आठ दिवसांत मी तिला किती वेळा "चल, उशीर होतोय" म्हटलं असेल आणि ती किती वेळा रडली असेल! आज मात्र सगळ्यांना "चला" ती म्हणत होती. असं का झालं? "उशीर होतोय" ही गोष्ट तिला कधी दिसलीच नव्हती. ती माझ्या घड्याळात होती, माझ्या कपाळावरच्या आठीत होती. तिच्या लेखी तो आईचा हट्ट होता. खडकाला लागलेलं पाणी मात्र तिने स्वतः, हळूहळू चढताना पाहिलं होतं. ते आजीला लागू होतं, आबांना लागू होतं, घोडागाडीवाल्यालाही लागू होतं.

परतताना, पाणी पोटऱ्यांपर्यंत आलेलं असताना, मी तिला कडेवर घेतलं आणि खरं सांगून टाकलं. "बाळा, आज आपला इथला शेवटचा दिवस आहे. उद्या सकाळी आपण घरी जायचं. परवा मी तुला चुकीचं सांगितलं."

ती रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, किनारा येईपर्यंत रडली. मी तिला "रडू नको" म्हटलं नाही. वाळूवर उतरवलं तेव्हा तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं आणि विचारलं, "मग आज काय काय उरलंय?"

या प्रश्नाने तो दिवस सोन्याचा केला. मुलीला दिवस परत मिळाला होता. तिने दुपारभर वाडी पालथी घातली. रहाटाला हात लावून आली. गोठ्यातल्या वासराला केळीचं साल भरवून आली. आजोबांनी यंदा लावलेल्या पोफळीच्या रोपाला तांब्याभर पाणी घातलं आणि त्याची उंची आपल्या गुडघ्याशी मापून ठेवली. पिशवीभर शिंपल्यांतले पाच निवडले, बाकीचे थोरल्याबरोबर जाऊन किनाऱ्यावर ठेवून आली. मी बॅगा भरत होते, पण त्या दिवशी प्रथमच मला त्यांची घाई वाटली नाही. भरून झालं की मी तिच्या मागे जात होते.

संध्याकाळी पोपटी लावली. रायगड जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांना सांगायला हवं. भात कापून झालं की त्याच जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात आणि थंडीत त्याला कोवळ्या शेंगा धरतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचं. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, सुकी पानं रचून जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. एरवी त्यात अंडी असतात. संकष्टी म्हणून त्या दिवशी नव्हती.

"झाली का?" धाकटीने तीनदा विचारलं. आईने तिच्या हातात पाण्याची वाटी दिली. "मडक्यावर शिंतोडा मार. पाणी चर्रकन उडून गेलं की झाली." तिने शिंतोडा मारला. पाणी ओघळलं. थोड्या वेळाने पुन्हा मारला. या वेळी चर्र आवाज झाला आणि मडकं क्षणात कोरडं पडलं. "झाली!" ती ओरडली. सकाळी खडकाने, आता मडक्याने. आमच्या घरातली म्हातारी माणसं पोरांना सांगत बसत नाहीत, दाखवतात. हे मला माझ्याच माहेरी, इतक्या उशिरा कळलं.

आईच्या वाट्याच्या शेंगा पाल्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. तिचा उपास चंद्रोदयानंतर सुटायचा. नऊ वाजून गेले तरी मुलं झोपायला तयार नव्हती आणि मीही त्यांना झोपवलं नाही. आम्ही सगळे ओटीवर बसून राहिलो. थंडी पडली होती. निखाऱ्यांवर राख धरत होती. मग पोफळींच्या मागून चंद्र वर आला, एका बाजूने किंचित झिजलेला. थोरला म्हणाला, "कालच्यापेक्षा उशिरा आला." आईने हात जोडले, नैवेद्य दाखवला आणि शेंगा सोलल्या. धाकटी तिच्या मांडीवर केव्हा झोपली, कळलंही नाही.

सकाळी निघताना आईने मुलांच्या हातावर दही दिलं. धाकटी गाडीत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, "आजी, येते." रडली नाही, असं मी म्हणणार नाही. थोडी रडली. आईही रडली. पण त्या रडण्यात फसवलं गेल्याचं दुःख नव्हतं.

श्रोतेहो, मुलांना वाईट वाटू नये म्हणून आपण त्यांच्यापासून किती शेवट लपवतो! सुट्टीचा शेवट, शाळेतल्या लाडक्या बाईंची बदली, घर बदलणं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं आजारपण. हेतू मायेचाच असतो. पण लपवलेला शेवट अंगावर आदळतो, आणि आधी सांगितलेल्या शेवटाबरोबर मुलाला निरोप घ्यायला वेळ मिळतो. पाच वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही, पण भिजलेला खडक कळतो. सगळ्यांच्या घराजवळ समुद्र नसतो. पण दाराच्या चौकटीवर सरकणारं ऊन असतं, डब्यातले मोजके उरलेले लाडू असतात, अंगणातली सावली असते. त्यातलं काहीतरी मुलाच्या हाती द्या आणि सांगा, "लक्ष तू ठेव." आणि रडू आलं तर त्याला वाट असू द्या.

शाळा उघडली त्या दिवशीची गोष्ट सांगून थांबते. पहाटे साडेसहाला स्वयंपाकघरात दिवा लावून मी पोळ्या लाटत होते. धाकटी अर्धवट झोपेत, एका पायात मोजा घालून बसली होती. तिने विचारलं, "दादा, आज पाणी किती वाजता येणार?"

थोरल्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज षष्ठी. सहा पाऊण साडेचार."

"म्हणजे तेव्हा आपण घरी आलेलो असू," ती म्हणाली, आणि दुसरा मोजा चढवू लागली.